आज्जीच्या वर्षश्राद्धाला स्मरणपुस्तिका काढायची आहे, त्यात काय यावे?

मलप्रभेकाठची (खानापूर तालुका)

नमस्कार. माझी आज्जी नव्वदी ओलांडून गेल्या श्रावणात वारली. वर्तमानपत्रातील निधनवार्तेत तिच्याविषयी ‘धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या’ एवढेच छापून आले. पुढे मुलगे, सुना, नातवंडे, पतवंडे आणि रक्षाविसर्जनाची वेळ. त्यात खोटे काही नाही, पण ती वार्ता आमच्या भागातील कोणत्याही वृद्धेची असू शकली असती, हे मनाला लागून राहिले आहे.

आज्जी माळकरी होती. तिला लिहिता येत नव्हते, पण हरिपाठ तोंडपाठ होता. तिच्या हरिपाठाच्या पुस्तकाला पोत्याच्या दोऱ्याची शिवण आहे आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर घरातील प्रत्येक जन्माची व मृत्यूची तिथी तिने त्या त्या वेळी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घेतलेली आहे. वर थोरल्या काकांचे अक्षर, खाली माझे. त्यात बारशाआधीच गेलेल्या एका मुलीची नोंद आहे, जिच्याविषयी घरात कोणी कधी बोलले नाही. ती छापावी का? आज्जीचे जन्मसाल कसे ठरवावे? शिवाय पतवंडांना कन्नड आणि इंग्रजी येते, मराठी वाचताना ती अडखळतात.

शहापूरकर (बेळगाव)

ताई, मतदार ओळखपत्रावरचे वय बहुधा अंदाजाने सांगितलेले असते, त्यावर विसंबू नका. आपल्याकडे बऱ्याच गावांत लक्ष्मीची यात्रा काही वर्षांच्या अंतराने भरते आणि जुनी माणसे लग्न, बाळंतपण त्या यात्रेच्या आधीचे की नंतरचे, असेच सांगतात. आज्जींच्या माहेरी विचारून पाहा आणि थोरल्या काकांच्या शाळेच्या दाखल्याशी ताडून घ्या. तरीही ‘सुमारे’ लिहावे.

जन्मस्थळ लिहिताना मुंबई इलाखा असे लिहा. १९५६ साली आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले. आज्जींनी उंबरा बदलला नाही, पण सातबाऱ्याची आणि मुलांच्या शाळेची भाषा त्यांच्या डोळ्यांदेखत बदलली. यावर एक परिच्छेद तरी हवाच.

निपाणीची सून

‘पंढरीची वारी केली’ एवढ्यावर थांबू नका. कोणती वारी, हे विचारा. खानापूर हा भाताचा मुलूख. आषाढीला रोप लावणीची घाई आणि कार्तिकीला कापणी. शेतावर राबणाऱ्या बाईला या दोन्ही वेळी घर सोडणे किती कठीण होते, हे आपल्या पिढीच्या लक्षात येत नाही. त्या कशा गेल्या, हेही लिहा. पूर्वी मीटरगेजने मिरज गाठून तेथून नॅरोगेजच्या गाडीने पंढरपूरला जावे लागे. त्या दिवसांत गुरांकडे कोण पाहत असे आणि चूल कोणाच्या हाती असे, हे जावांना विचारा. अशा आठवणी त्यांच्याकडेच सापडतात.

आज्जींच्या बरोबरीच्या कोणी असतील तर त्यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या आजच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या उरल्या. ओवीत देवाइतकाच भाऊ आणि लेकही येतो. भक्ती आणि संसार वेगळे मांडू नका, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

चिकोडीकर

पतवंडांसाठी भाषांतर करून घेऊ नये. घरात कन्नड माहेर असलेली सून असेल तर तिला तिच्या आठवणी कन्नडमधूनच लिहू द्या; सासूविषयी सुनेने लिहिलेले पान मुले आवडीने वाचतील.

त्या मुलीच्या नोंदीबाबत आधी तुमच्या आत्यांना आणि काकांना विचारा. मात्र ती आज्जींनी स्वतः, परक्या हाताने का होईना, लिहवून घेतली आहे. घरच्यांनी न बोलण्याचे ठरवले असेल, त्यांनी नव्हे. त्या पानाचे छायाचित्र जसेच्या तसे द्यावे, खाली काही लिहू नये.

मलप्रभेकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आज आत्याला विचारले. आज्जी माघी वारीला जात असे, कारण तोवर भात घरात आलेले असे. ती नोंद छापायला आत्याने होकार दिला आहे, फक्त काकांशी आपणच बोलेन म्हणाली. लक्ष्मीयात्रेचे साल विचारायला येत्या रविवारी आज्जीच्या माहेरी जात आहे.