एकटीनं विमानातून जगाला फेरी मारली, यात नेमकं अवघड काय होतं? (झारा रदरफोर्ड)

ऋतुजा_नाशिक
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा प्लीज. माझी भाची बारावी सायन्सला आहे आणि गेले कित्येक महिने घरात एकच विषय, पायलट व्हायचंय. अभ्यासाच्या टेबलासमोर झारा रदरफोर्डचा फोटो चिकटवलाय. बेल्जियमची मुलगी, १९ व्या वर्षी एकटी छोटं विमान घेऊन निघाली आणि जगाला वळसा घालून परत आली, ऑगस्ट २०२१ ते जानेवारी २०२२, अशी फेरी मारणारी सगळ्यात लहान वयाची बाई हा रेकॉर्ड तिनं केला. परवा जेवताना विषय निघाला तर भाचीचे काका म्हणाले त्यात काय एवढं, जीपीएस आहे, ऑटोपायलट आहे, आईबाप दोघंही पायलट, घरचा पैसा, आणि वर पाच महिने लागले, आपण तिकीट काढून दोन-तीन दिवसांत जाऊन येऊ. पोरगी एक शब्द बोलली नाही, ताटावरून उठून गेली. मला ते फार लागलं. मला विमानातलं काही कळत नाही म्हणून इथं विचारतेय. पाच महिने का लागले? खरंच अवघड काय होतं त्यात? नुसतं कौतुक नको, समजेल असं सांगा म्हणजे मला घरी बोलता येईल.

टेलविंड
ताई, मी कमर्शियल लायसन्स काढलंय आणि लहान विमानं बरीच उडवलीत, तर माझ्या परीनं सांगतो.

आधी विमान समजून घ्या. शार्क नावाचं अल्ट्रालाइट म्हणजे अगदी हलकं विमान, स्लोव्हाकियात बनतं, रिकामं वजन ३०० किलोच्या आसपास, म्हणजे दोन बुलेट एकत्र ठेवल्या तर त्यांच्यापेक्षाही कमी. इंजिन एकच. मूळ विमानात एकामागे एक दोन सीट असतात, तिनं मागची सीट काढून तिथं जादा इंधनाची टाकी बसवली होती. तास न् तास पाण्यावरून जायचं, बाजूला बोलायला कुणी नाही आणि पाठीला पेट्रोल.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. ती पूर्ण फेरी व्हीएफआरवर होती, म्हणजे डोळ्यांनी बघून उडायचं. ढगात शिरायचं नाही, रात्री उडायचं नाही. एअरलाइनचं विमान ढग फोडून वर जातं, त्याच्या पंखांवर बर्फ धरू नये म्हणून सिस्टीम असते. या विमानात तसलं काही नाही. थंडीत ढगात शिरलात तर पंखांवर बर्फ साचायला लागतो, पंखाचा आकार बिघडतो, लिफ्ट म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर जातो, वजन वाढतं आणि मग विमान खाली यायला लागतं, तुम्ही काहीही करा. काकांना सांगा, ऑटोपायलट विमान सरळ धरून ठेवेल पण समोर ढगांची भिंत आली तर पुढं जायचं, खाली उतरायचं की मागं फिरायचं हे तो ठरवत नाही, ते तिलाच ठरवायचं होतं, तेही एकटीनं.

कॅलिफोर्नियातला प्रसंग बघा. वणवे पेटले होते, ती उत्तरेला सिएटलकडे चाललेली. धूर वाढत गेला तशी ती वर वर चढत गेली, १२,००० फुटांपर्यंत, तरी धूर संपेना, कॉकपिटमध्ये जळका वास यायला लागला, खालची जमीन दिसेनाशी झाली. तिथून ती मागं फिरली आणि कॅलिफोर्नियातल्याच रेडिंग गावाला उतरली. मला विचाराल तर अख्ख्या प्रवासातला हा सगळ्यात भारी निर्णय. पुढं थोडं मोकळं असेल, अजून दहा मिनिटं बघू, असं वाटणं फार सोपं असतं आणि लहान विमानांचे कितीतरी अपघात त्या दहा मिनिटांतच होतात.

उत्तरवारा
टेलविंडनी छान सांगितलं. पाच महिने का, ते मी सांगते. मुळात तिचा प्लॅन तीन महिन्यांचा होता. अलास्कात नोम नावाचं गाव आहे, तिथून बेरिंग समुद्र ओलांडून रशियात शिरायचं. हवामान खराब म्हणून वाट बघत बसली आणि त्यात रशियाचा व्हिसाच संपला. नवीन व्हिसासाठी पासपोर्ट पार टेक्सासमधे ह्यूस्टनला पाठवावा लागला. असा जवळपास महिना गेला आणि तोवर हिवाळा येऊन ठेपला, म्हणजे सायबेरिया नेमका वाईट दिवसांत पदरी पडला.

तिकडं अयान म्हणून किनाऱ्यावरचं लहानसं गाव, तिथं ती तीन आठवडे अडकली. कडाक्याची थंडी, इंग्रजी बोलणारं जवळपास कुणी नाही, रोज उठून आकाश बघायचं आणि आजही नाही. १९ व्या वर्षी. त्या भागावरून उडताना शेकडो किलोमीटर खाली रस्ता दिसत नाही, विजेचा खांब दिसत नाही, माणूस तर नाहीच. इंजिन बंद पडलं तर खाली कुठंतरी उतरता येईलही कदाचित, पण मदत यायला किती तास लागतील आणि तोवर त्या थंडीत काय होईल याचा हिशोब तिनं केलेला होता आणि तरी ती गेली. अंगात पाण्यात पडल्यावर थंडीपासून वाचवणारा सूट घालून बसायची कारण बर्फाळ समुद्रात माणूस साध्या कपड्यांत फार वेळ टिकत नाही.

अजून एक. व्लादिवोस्तोकहून सोलला जाताना मध्ये उत्तर कोरिया येतो. चीनमधून जाता आलं नाही, कोविडचे दिवस होते. त्यामुळं समुद्रावरून मोठा वळसा. वाटेत ढग आले, आणि उत्तर कोरियाचा कोपरा थोडा कापला असता तर सुटका होती. तिनं जमिनीवरच्या आपल्या टीमला विचारलं आणि उत्तर आलं की काहीही झालं तरी तिकडं वळू नकोस. ११ डिसेंबरला सोलला उतरली. ते ऐकल्यावर मला तर घाम फुटला होता.

पंचाहत्तरी_पार
मी निवृत्त शिक्षक, भूगोल शिकवायचो, त्यामुळं दोन शब्द. जगाला फेरी म्हणजे उत्तर ध्रुवाभोवती गिरकी घेतली की झालं असं नाही. रेकॉर्डसाठी पृथ्वीवरच्या एकमेकांच्या बरोब्बर समोरासमोर येणाऱ्या दोन ठिकाणांना स्पर्श करावा लागतो. झाराची दोन ठिकाणं म्हणजे कोलंबियातलं तुमाको आणि इंडोनेशियातलं जांबी. ग्लोब घ्या आणि भाचीला या दोन गावांतून आरपार सुई घालायला सांगा, मध्यबिंदूतून जाईल. म्हणूनच तिला विषुववृत्तापर्यंत खाली यावं लागलं आणि एकूण अंतर ५०,००० किलोमीटरच्या वर गेलं.

आणि काकांना जेरी मॉक सांगा. एकटीनं विमानातून जगप्रदक्षिणा करणारी पहिली बाई. अमेरिकेतल्या ओहायोतली, तीन मुलांची आई, १९६४ साली एक इंजिनाच्या सेस्नातून कोलंबसहून निघाली आणि २९ दिवसांत परत. वाटेत दिल्ली आणि कलकत्त्यालाही उतरली होती. कैरोऐवजी चुकून इजिप्तच्या लष्करी तळावर उतरली आणि सैनिकांनी घेरलं. त्याच्या २७ वर्षं आधी अमेलिया इअरहार्ट याच प्रयत्नात पॅसिफिकवर नाहीशी झाली, तिच्यासोबत तर नॅव्हिगेटर होता. ही परंपरा माहीत असली की १९ वर्षांच्या मुलीचं मोल कळतं.

कोल्हापुरी_गडी
माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. काकांचं पैशाबद्दलचं म्हणणं अगदीच चूक नाही. वडील पूर्वी सैन्यात होते आणि लोकांची विमानं जगभर पोचवायचं काम करतात, आईसुद्धा विमान उडवते, स्पॉन्सर मिळाले, हे सगळ्यांना मिळत नाही. तिचाच धाकटा भाऊ मॅक २०२२ मधे १७ व्या वर्षी तीच फेरी करून आला, म्हणजे घरात वातावरण होतंच. हे मान्य करून पुढं बोलावं असं मला वाटतं. पण आईबाप पायलट आहेत म्हणून ढग बाजूला होत नाही की सायबेरिया गरम होत नाही ना. कॉकपिटमधे ती एकटीच होती. आणि एक बघा, मॅकच्या वेळी युक्रेनचं युद्ध सुरू झालेलं, रशियाचा रस्ताच बंद, त्याला जपानहून थेट अलास्काच्या टोकाच्या बेटावर जावं लागलं. म्हणजे तयारी कितीही असो, वाट रोज बदलते.

तिच्या आधीचा रेकॉर्ड शाएस्ता वाइझचा होता, २०१७ साली, तेव्हा ती ३० वर्षांची. निर्वासित छावणीत जन्मलेली अफगाण मुलगी, अमेरिकेत वाढली, घराण्यात विमानाचा काही संबंध नाही. झाराच्या मोहिमेत मदत गोळा करायचं एक काम शाएस्ताच्याच संस्थेसाठी होतं. मला हे फार आवडलं, जिचा रेकॉर्ड मोडायचा तिचंच काम पुढं न्यायचं.

ऋतुजा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. सुई घालायचं भाचीला सांगितलं, ती ग्लोब घेऊन बसलीये आत्ता. अजून एक विचारते. आपल्याकडच्या कुणी मुलीनं असं काही केलंय का? काकांचं पुढचं वाक्य हेच असणार की ते युरोपात चालतं.

उत्तरवारा
केलंय की! आरोही पंडित, आपल्या मुंबईची, बोरिवलीची, बॉम्बे फ्लाइंग क्लबची विद्यार्थिनी. मे २०१९ मधे स्कॉटलंडहून निघून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडातल्या इकालुइटला उतरली, लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट म्हणजे छोट्या हलक्या विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडणारी जगातली पहिली बाई. तेव्हा २३ वर्षांची. विमानाचं नाव माही. त्याच वर्षी ऑगस्टमधे अलास्काहून रशियातल्या अनादिरला जाऊन पॅसिफिकचीही बाजू ओलांडली, म्हणजे बेरिंगचा तोच समुद्र जो झारानं दोन वर्षांनी पार केला. आणि दोघींच्याही विमानात रोटॅक्स ९१२ याच जातीचं इंजिन. आरोहीच्या विमानाचा वेग शार्कपेक्षा बराच कमी, ग्रीनलंडचा बर्फ त्या वेगानं ओलांडायचा म्हणजे काय ते टेलविंड सांगतील. ही गोष्ट आपल्याकडे घराघरात माहीत असायला हवी होती, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

टेलविंड
बरोबर. हळू विमान म्हणजे हवामान बदलायला जास्त वेळ मिळतो, निघताना स्वच्छ होतं ते पोचेपर्यंत राहील याची खात्री नाही, आणि समोरून वारा असेल तर इंधनाचं गणित वाटेतच पुन्हा मांडावं लागतं.

ऋतुजाताई, भाचीसाठी कामाचं सांगतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नीट करू द्या, दोन्ही लागतात. सगळ्यात आधी मेडिकल तपासणी करून घ्या, आधी क्लास टू आणि मग क्लास वन, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) पॅनेलवरच्या डॉक्टरकडे. लोक फ्लाइंग स्कूलला पैसे भरतात आणि मग डोळ्याचं किंवा कानाचं काही निघतं, तसं नको. स्टुडंट लायसन्स १६ ला मिळतं, प्रायव्हेट १७ ला, कमर्शियल १८ ला आणि त्यासाठी विमान उडवल्याचे २०० तास लागतात. खर्च मोठा आहे, अर्धा कोटी धरून चाला, लोनची चौकशी आत्ताच सुरू करा. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे इथं शिकता येतं, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बघा, विमानं किती उडतायत आणि किती नुसती हँगरमधे उभी आहेत ते मोजा. महिन्याला विद्यार्थ्याचे सरासरी किती तास होतात हे तिथल्या ऑफिसला नाही, तिथल्या मुलांना विचारा.

आणि काकांना घेऊन जा सोबत. बऱ्याच ठिकाणी आधी एक ओळखीची फ्लाइट करवतात, त्यात काकांना बसवा, शक्यतो दुपारी. दुपारी हवा तापलेली असते आणि लहान विमान जे हलतं ना, त्यानंतर माणूस ऑटोपायलटचा विषय काढत नाही.

ऋतुजा_नाशिक
मेडिकलसाठी नाशिकमधे पॅनेलचे डॉक्टर आहेत का की मुंबईला यावं लागेल? दिवाळीच्या सुट्टीत करून घेते. काका बारामतीला यायला तयार झालेत, भाचीनं स्वतः विचारलं त्यांना.