फतवा 'काढतात' की 'देतात'?

दौतटाक: 'शिक्षण खात्याचा नवा फतवा', 'सोसायटीचा भाडेकरूंना फतवा' असे मथळे रोज दिसतात. मराठीत फतवा म्हणजे वरून आलेला जाचक हुकूम, हे जणू ठरूनच गेलंय. मग उलेमा (मुसलमान धर्मपंडित) आणि सरकार यांच्याबद्दल लिहिताना हाच शब्द आला की घोटाळा होतो. मूळ अर्थ काय? आणि मुफ्ती वेगळा, काझी वेगळा ना?

पोटमाळा: वेगळे, चांगलेच वेगळे. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. प्रश्न तो इस्तिफ्ता, उत्तर देणारा तो मुफ्ती. तिन्ही शब्द एकाच धातूचे. देवबंदच्या दारुल उलूममध्ये (स्थापना १८६६) यासाठी दारुल इफ्ता हा वेगळा विभागच आहे. खात्यात व्याज जमा झालं तर त्याचं काय करायचं, असले घरगुती प्रश्न तिथे येतात. उत्तराच्या शेवटी 'वल्लाहु आलम' लिहायची रीत आहे, म्हणजे खरं काय ते अल्लाच जाणे. आपल्या कुठल्या खात्याचं परिपत्रक असं संपतं?

काझी मात्र निवाडा करणारा. सुलतानी, बादशाही काळात तो सरकारी अंमलदार. इंग्रजांनी १८६४ मध्ये ही नेमणूक बंद केली आणि १८८० च्या काझी कायद्याने अर्धवट परत आणली: स्थानिक मुसलमानांची इच्छा असेल तर सरकार काझी नेमू शकतं, पण त्याला न्यायदानाचा अधिकार नाही, आणि निकाहाला तो हजर असलाच पाहिजे असंही नाही. नेमणूक सरकारी, सत्ता शून्य.

उंबरठा: कोर्टानेही हेच सांगितलंय. विश्वलोचन मदन खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये म्हटलं की फतवा हा अभिप्राय आहे, तो कायद्याने कुणावर बंधनकारक नाही. त्यामागे उत्तर प्रदेशातलं एक प्रकरण होतं. सासऱ्याने सुनेवर बलात्कार केला आणि ती आता नवऱ्याला हराम, असा फतवा आला. विचारणारी ती बाई नव्हतीच, विचारलं होतं एका पत्रकाराने. त्रयस्थाच्या विचारण्यावरून कुणाच्या हक्कांबद्दल फतवा देऊ नये, असं कोर्टाने बजावलं.

खारट वारा: कागदावर ठीक आहे हो. पण वस्तीत वाळीत पडायची भीती असेल तर उत्तराचाही हुकूमच होतो. आणि सरकारं तरी उलेमांना कुठे नुसते सल्लागार मानतात? मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड हे उलेमांचा भरणा असलेलं बिनसरकारी मंडळ, १९७३ चं. त्याला मतदाराने निवडून दिलेलं नाही. तरी सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये तलाक मिळालेल्या शाहबानोला पोटगी मंजूर केली, तेव्हा त्याने रान उठवलं आणि १९८६ मध्ये संसदेने तो निकाल फिरवणारा कायदाच केला. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला होता, त्यांचं म्हणणं ऐकायला मात्र सरकारला वेळ नव्हता. तेव्हा दोष मथळे लिहिणाऱ्यांवर एकट्यावर नको.

पोटमाळा: मान्य. पण ती ताकद मतांच्या हिशेबातून आली, फतव्यातून नाही. मोर्चे काढणं, खासदारांना भेटणं हे कुठलाही दबावगट करतो. खरी सरकारी मुफ्तीगिरी बघायची तर तुर्कस्तान बघा. खिलाफत (खलिफाची गादी) मोडली त्याच दिवशी, ३ मार्च १९२४ ला, तिथे धर्मखातं (दियानेत) निघालं. इमामांना पगार सरकारचा, शुक्रवारच्या खुतब्याचा (नमाजाच्या वेळच्या प्रवचनाचा) मजकूर खात्याचा. तिथे मुफ्ती हा जिल्ह्याचा अधिकारी. २०१७ पासून तो लग्नाची नोंदणीही करतो. सेक्युलर म्हणवणाऱ्या देशात हे, आणि आपल्याकडचा काझी वर सांगितला तसा.

दौतटाक: म्हणजे फतवा 'दिला' बरोबर, 'काढला' चूक. सोसायटीसाठी 'फर्मान' लिहू?

उंबरठा: लिहा की, बादशहाचाच शब्द आहे तो, सेक्रेटरी खूश होतील. पण मथळेवाले ऐकायचे नाहीत. 'फतवा' तीन अक्षरांत बसतो, 'परिपत्रक' पाच खातं.

खारट वारा: आणि 'एक उलेमा म्हणाले' तेवढं थांबवा. उलेमा हे अनेकवचन, एकटा असेल तो आलिम.