अनुभव धागा: मोबाईलवर संबळ, मोबाईलवर पावरी

नाशिकच्या एका शाळेत मी संगीत शिकवते. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा लोकसंगीताचे चार कार्यक्रम आम्ही मुलांसाठी ऑनलाइन केले. पहिला सपशेल फसला. गोंधळ ठेवला होता आणि तुणतुणं कुणाला ऐकूच गेलं नाही. पडद्यावर नुसती बोटं हलत होती! तुम्ही असं काही केलं असेल, मुलांसोबत पाहिलं असेल, स्वतः वाजवलं असेल तर लिहा. फसलेलं आधी लिहा.

पंचवटीतला साउंडवाला
तुणतुण्याचा दोष नाही मॅडम. मीटिंगचं ॲप बोलण्यासाठी बनवलेलं असतं. एकसारखा आवाज चालू राहिला की त्याला तो पंखा वाटतो आणि ते तो गाळून टाकतं. तुणतुणं एकाच सुरावर चालतं, म्हणजे पहिला बळी त्याचाच. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायचं, बरंच सुधारतं. तरी फोनच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, त्यामुळे संबळाच्या मोठ्या तोंडाचा घुमारा पोरांपर्यंत जातच नाही. आणि एकत्र टाळ्या धरायला सांगू नका. आवाज प्रत्येकाकडे मागेपुढे पोहोचतो, कुणाचाच ताल कुणाशी जुळत नाही.

सुरगाणा तालुक्यातली शिक्षिका
तुमचा तिसरा कार्यक्रम आम्ही पाहिला होता. एका फोनभोवती सहा मुलं, तीही माळावर, कारण रेंज तिथेच. पडद्यावर पावरी, म्हणजे आमच्याकडचं भोपळ्याचं फुंकवाद्य, दाखवून कुणी तरी ‘हे दुर्मीळ वाद्य’ म्हणालं. त्यावर चौथीतला एक जण मला म्हणाला, “बाई, हे आमच्या घरी खुंटीला आहे.”

पुढच्या आठवड्यात त्याच्या आजोबांना फोनसमोर बसवलं. वाजवायला त्यांनी साफ नकार दिला. डोंगऱ्यादेवाचा उत्सव बसेल तेव्हाच, म्हणाले. पण भोपळा, बांबूच्या नळ्या, जोडाला लावलेलं मेण, सगळं उलटंपालटं करून दाखवलं. मार्गशीर्षात उत्सव बसला तेव्हा नातवाने त्यांच्या वाजवण्याची तीन मिनिटं रेकॉर्ड केली. संध्याकाळी पाठवायला घेतलेली फीत रात्री उशिरा गेली. शहरातल्या मुलांनी विचारलं, आजोबा श्वास कधी घेतात? आजोबा गाल फुगवून म्हणाले, इथे साठवायचा आणि नाकाने घेत राहायचं. मग मुलं आठवडाभर पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे न तोडता काढायचा सराव करत होती. माझ्याही घरी दोन पेले फुटले!

गोंधळी, दिंडोरीकडचा
त्या वर्षी चैत्रात सप्तशृंग गडाची यात्रा भरली नाही, लग्नं नाहीत, म्हणजे गोंधळही नाही. फोनसमोर उभा राहिलो, ‘उदो’ म्हटलं. समोर चिडीचूप. पोरांचे माइक बंद! गोंधळात समोरून उदो आला नाही तर पुढचा शब्द तोंडातून निघत नाही आमच्या. शेवटी बाईंनी सगळे माइक उघडले. साउंडवाले दादा म्हणतात तसंच झालं, चाळीस उदो एकामागून एक आले, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. पण आले. मग मी वाजवलं.

एक सांगतो, राग नको. दुसऱ्या एका ठिकाणी ‘ऑनलाइनच तर आहे’ म्हणून मानधन निम्मं केलं, तेही सहा महिन्यांनी मिळालं. पोशाख तोच, संबळ जुळवायला वेळ तेवढाच, घसाही तोच की.

गंगापूर रोडवरची एक आई
खंडोबाच्या जागरणाच्या कार्यक्रमात कलाकाराने सांगितलं, वाघ्याच्या दिमडीला, म्हणजे त्या छोट्या डफाला, पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. माझी मुलगी पटकन म्हणाली, “मग घोरपडीचं काय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र सरळ सांगितलं: १९७२ च्या कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, माझी दिमडी बकऱ्याच्या कातड्याची, आवाज थोडा जाड येतो, चालतं. प्रत्यक्ष कार्यक्रमात शेवटच्या रांगेतून तिने हे विचारलं नसतं.

धागाकर्ती
मानधनाचं वाचून मान खाली गेली. पहिल्या वेळी आम्हीही कमीच दिलं होतं, पुढच्या तीन वेळा पूर्ण दिलं. माइक उघडायचं मात्र तुम्ही भर कार्यक्रमात ओरडलात म्हणून सुचलं, त्याचं श्रेय मला नको.

सुरगाण्याच्या बाई, तो मुलगा आता मोठा झाला असेल. ती तीन मिनिटांची फीत त्याच्याकडे आहे का, विचाराल? आमच्याकडची जुन्या फोनबरोबर गेली.