कात्रजचं प्राणिसंग्रहालय एका दिवसात: लातूरहून, सोबत आई आणि दोन लेकरं

मांजराकाठ:
दिवाळीच्या सुट्टीत रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पोचून त्याच दिवशी रात्री लातूरला परत निघायचंय. मधला दिवस कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयासाठी ठेवलाय. आईचे गुडघे दुखतात. लेकरं ५ आणि ९ वर्षांची. त्यांना वाघ बघायचाय, आईला तळ्याकाठी निवांत बसायचंय. आत कुठून सुरू करावं, वेळ किती लागेल, डबा न्यावा का?

बालाघाट:
आधी वार बघा. बुधवारी बंद असतं, आणि लोक हटकून बुधवारीच येऊन फाटकावरून परत जातात. रविवार आणि भाऊबीजेचा दुसरा दिवस टाळता आला तर टाळा.

ट्रॅव्हल्स पहाटेच सोडते आणि फाटक साडेनऊच्या सुमारास उघडतं. मधले तीन-चार तास हीच खरी अडचण, त्यांचा विचार कुणीच करत नाही. स्वारगेटजवळ काही तासांसाठी खोली घ्या. लेकरं झोपतील, आईचे पाय मोकळे होतील, सामानही तिथंच राहील. तेवढा खर्च नको असेल तर सारसबाग जवळच आहे. तिला लागूनच पेशवे पार्क. पुण्याचं जुनं प्राणिसंग्रहालय तिथंच होतं, १९५३ सालचं. १९९९ मध्ये ते कात्रजला नेलं. कात्रजच्या त्याच आवारातलं सर्पोद्यान मात्र या स्थलांतराच्याही आधीचं, १९८६ चं.

स्वारगेटहून कात्रजकडे पीएमपीच्या गाड्या सारख्या असतात. कंडक्टरला ‘सर्पोद्यान’ म्हणून सांगा. पण त्या मार्गावर बसथांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, उतरून सातारा रस्ता ओलांडावा लागतो. आई सोबत असतील तर मीटरची रिक्षा बरी, थेट फाटकापाशी उतरवते.

डबा आत नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. धपाटे-चटणी बाहेरच खाऊन घ्या. पाणी स्टीलच्या बाटलीत ठेवा, प्लास्टिकवरून वाद होतात.

रोही_बघणारी:
परिसर सुमारे १३० एकरांचा आहे, सगळं पायी बघायचं तर तीनेक किलोमीटर सहज होतात. आईसाठी बॅटरीवरच्या गाडीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आत शिरल्या शिरल्या काढा. अकरानंतर तिथली रांग वाघाच्या खंदकापुढच्या गर्दीपेक्षा मोठी होते.

क्रम उन्हावरून ठरवा. वाघ, पांढरा वाघ, सिंह, अस्वल हे आधी, साडेअकराच्या आत. ऊन चढलं की ही जनावरं झाडाखाली नाहीतर पिंजऱ्याच्या मागच्या सावलीत आडवी होतात. मोठे खंदक आहेत, त्यामुळं लांबून नुसता पट्ट्यांचा ढिगारा दिसतो आणि लेकरं हिरमुसतात. साधी दुर्बीण असली तर न्या.

मगर आणि सुसर यांचं उलटं. दिवाळीत सकाळी गारवा असतो म्हणून त्या ऊन खायला काठावर येतात, साधारण अकरा ते एक. जबडा उघडा ठेवून पडलेली मगर चिडलेली नसते, अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. लेकरांना हे आधीच सांगा, नाहीतर ‘ती आपल्याला खाणार’ म्हणून रडारड होते.

साप दुपारी बघा, तिथं सावली असते. साप रोज खात नाही आणि खाल्ल्यावर दिवसचे दिवस हलत नाही, त्यामुळं नागराज वेटोळ्यात पडलेलाच दिसणार. काचेवर टकटक केली तर कंप त्याला अंगाला जाणवतो, त्रास होतो. तसं करू देऊ नका. प्राण्यांना डिवचणं आणि खायला घालणं हा वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-जे खाली गुन्हा आहे.

रोही (नीलगाय), काळवीट यांच्यापुढं फार वेळ घालवू नका, ते आपल्याकडं शिवारातच दिसतात. तो वेळ गवा आणि शेकरूला द्या. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. आपल्या उघड्या माळावर ते कुठून दिसायचं? झाडाच्या शेंड्याकडं बघा, खाली शोधाल तर सापडणार नाही.

मांजराकाठ:
तळं खरंच बघण्यासारखं आहे का, की फोटोतच?

भूमवाला:
ऑक्टोबर-नोव्हेंबरात आहे. तळं सुमारे ४२ एकरांचं, मागं कात्रज घाटाचे डोंगर, पावसाळ्यानंतर हिरवे असतात. मे महिन्यात तेच डोंगर बालाघाटासारखे करपलेले. अधूनमधून जलपर्णी वाढते, ती असली तर पाण्याऐवजी हिरवी चादरच दिसते.

या तळ्याचं पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात दगडी नळानं शहरात, शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. नळातली कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत उच्छ्वास म्हणून मनोरे बांधलेले, काही अजून उभे आहेत. नऊ वर्षांच्या लेकराला वाघापेक्षा हे आवडलं तरी नवल नाही.

आईला दुपारी दोनच्या सुमारास तळ्याकाठच्या सावलीत बसवा, तेव्हा जनावरं तशीही झोपलेली असतात. साडेतीन-चारला उठून वाघाकडं पुन्हा एक फेरी मारा. कलत्या उन्हात तो कडेकडेनं फिरायला लागतो, सकाळी हुकला असेल तर आता दिसतो. संध्याकाळी सहाच्या आत बाहेर या. परतीच्या गाडीचा थांबा स्वारगेट आहे का हडपसर, ते आधीच विचारून ठेवा. हडपसर असेल तर कात्रजहून तिथवर सुट्टीच्या गर्दीत तास-दीड तास धरा.