रॉस स्मिथ 'सर' झाला, मग बेनेट-शायर्स का नाहीत?

कार्ब्युरेटर:
12 नोव्हेंबर 1919 ला लंडनजवळच्या हाउन्स्लोहून उडालेलं व्हिकर्स व्हिमी विमान 10 डिसेंबरला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला टेकलं. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला उडत येण्यासाठी ऑस्ट्रेलियन सरकारची अट 30 दिवसांची, बक्षीस 10,000 पौंड. पंचम जॉर्जने कॅप्टन रॉस स्मिथ आणि त्याचा भाऊ कीथ, दोघांना नाइट केलं. सार्जंट बेनेट आणि शायर्स या मेकॅनिकांच्या वाट्याला एअर फोर्स मेडलचा बार, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा मिळाल्याची पट्टी. उघड पंक्तिप्रपंच!

दोन रोल्स-रॉइस ईगल इंजिनं, प्रत्येकी 12 सिलिंडर, सिलिंडरमागे दोन प्लग. म्हणजे 48 प्लग, आणि ती इंजिनं सांभाळायची यांनीच. पिसाला चाकं चिखलात रुतली. अशा वेळी इंजिनाचा जोर वाढवला की शेपूट वर उचललं जातं आणि विमान नाकावर आपटतं. बेनेटने शेपटीवर भार टाकून ती दाबून धरली आणि विमान सरकायला लागल्यावर पळत येऊन आत चढला. हे हमालाचं काम होतं का?

नियमावली:
पंक्तिप्रपंच असेलही, पण तो राजाचा नाही. एअर फोर्स क्रॉस अधिकाऱ्यांना आणि मेडल इतर हुद्द्यांना, हे 1918 मध्येच ठरलेलं. पुढे दोघांना मानद लेफ्टनंट केलं, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. बक्षिसाचे चार समान वाटे झाले, तेही.

कार्ब्युरेटर:
पैसे वाटून घेतले ते चौघांनी आपसांत. त्याचं श्रेय दरबाराला कशाला?

तिरकस:
मुळात नाइटहूड मेहनतीला नव्हतीच, 'पहिला' असण्याला होती. ऑस्ट्रेलियन वैमानिक हिंकलर 1928 मध्ये इंग्लंडहून एकटा, साडेपंधरा दिवसांत डार्विनला पोचला. स्वतःच वैमानिक, स्वतःच मेकॅनिक. दरबाराकडून मिळाला फक्त एअर फोर्स क्रॉस.

नियमावली:
आणि रॉस नुसता दांडा धरून बसला नव्हता. 1918 च्या अखेरीस तो कैरोहून कलकत्त्यापर्यंत उडाला होता आणि पुढे जहाजाने तिमोरपर्यंत जाऊन उतरायच्या जागा पाहून आला होता.

कार्ब्युरेटर:
कलकत्त्यापर्यंतच्या त्या विमानात मेकॅनिक कोण होते? हेच दोघे.

तिरकस:
कीथचं काय मग? तो दिशादर्शक. त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या अल्कॉकबरोबर ब्राउनलाही नाइट केलं होतं, तोही दिशादर्शकच. त्या विमानात तिसरा माणूस नव्हता, म्हणून दरबाराची पंचाईत झाली नाही.

सुरवाया:
मेकॅनिकांवरच का थांबता? वाटेत इराकमधल्या रामादीला रात्री वादळ आलं तेव्हा भारतीय लान्सर्स घोडदळाचे सैनिक पंख धरून उभे राहिले, नाहीतर व्हिमी तिथेच उलटलं असतं. जावा बेटावरच्या सुरवायाला मैदान दलदलीचं निघालं. गावकऱ्यांनी बांबूच्या चटया आणून अंथरल्या. पहिल्या वेळी पंख्याच्या झोताने चटया उडून शेपटीत अडकल्या. खुंट्या ठोकल्यावरच विमान उडालं. त्यांना तर बारही नाही.

नियमावली:
चटयांना नाइटहूड द्यायची असेल तर वेगळा धागा काढा.