मदत हवी आहे: ड्रायव्हर यूझर पॉइंटरवर ऊप्स (कर्नलचा क्रॅश-एरर) देतोय

मंडळी, लिनक्स कर्नलवालं कुणी आहे का इथं? सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात जकार्ड मागाला डिझाईन पुरवणारं पीसीतलं कार्ड आहे, त्याचा ड्रायव्हर पूर्वी कुणीतरी लिहून गेलाय आणि आयओसीटीएलमध्ये (अ‍ॅप ड्रायव्हरला हुकूम देतं तो कॉल) यूझरचा पॉइंटर, म्हणजे अ‍ॅपच्या मेमरीचा पत्ता, सरळ डीरेफरन्स केलाय (तिथलं थेट वाचलंय). जुन्या पीसीवर चालायचं, नव्यावर लगेच ऊप्स, कारण नव्या प्रोसेसरचं एसमॅप हे संरक्षण कर्नलला यूझरच्या पेजला असा हात लावू देत नाही (बरंच आहे म्हणा). मग कॉपी_फ्रॉम_यूझर (अ‍ॅपच्या मेमरीतून कर्नलमध्ये सुरक्षित कॉपी करणारं फंक्शन) टाकलं, शून्य नाही आलं तर मायनस ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याची एरर) परत, इथवर ठीक. पण कॉपी होतीय स्पिनलॉकच्या (न झोपता वाट बघायला लावणाऱ्या लॉकच्या) आत, पेज मेमरीत नसलं की फॉल्टला झोपावं लागणार अन् तिथं झोपायची सोय नाही, डीबग कर्नल लगेच बोंबलतो.

लॉकच्या आधी कर्नल बफरमध्ये कॉपी करता येईल, पण डिझाईन काही एमबीची, केमॅलॉक (कर्नलमध्ये सलग मेमरी मागायचं फंक्शन) एवढं सलग देईलच असं नाही. केव्हीमॅलॉक (सलग नाही मिळाली तर तुकड्यांतून मेमरी देणारं) घेऊ, का पिन_यूझर_पेजेस करून (अ‍ॅपची पेजेस मेमरीत जागच्या जागी धरून) डीएमए, म्हणजे कार्डानंच थेट मेमरीतून वाचायचं? आणि पिन केल्यावर अ‍ॅप मधेच मेलं तर अनपिन रिलीजमध्ये (डिव्हाइस फाईल बंद होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) करायचं का, डीएमए चालू असताना? कुणी केलं असंल तर कोडचा तुकडा टाका राव, मालक रोज विचारतोय.