मदत हवी आहे: लॅब ब्लाइंडवर निम्म्यात थांबून मागे बघते, शिवाय तिरका बांध आला की सरळ लाइन सोडते

नमस्कार मंडळी, रिट्रीव्हर ट्रेनिंग (टाकलेली वस्तू कुत्र्याने शोधून आणायचं शिक्षण) मनापासून करणारं कोणी इथे असेल तर प्लीज वाचा, जरा लांबलंय.

आमची राणी, काळी लॅब, अडीच वर्षांची. राहतो पुण्यात फ्लॅटमध्ये पण मुळशीकडे काकांचं शेत आहे, सुट्टीच्या दिवशी पहाटेच तिकडे जातो आणि ऊन चढायच्या आत आवरतो, कारण काळी लॅब उन्हात किती पटकन तापते ते पाळणाऱ्यांना माहितीय. टेकडीवर हा सराव करत नाही, तिथे मोर असतात, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात, तिथे कुत्रं पट्ट्यातच हवं असं माझं ठाम मत आहे. शिकार आपल्याकडे कायद्याने बंद आहे आणि बंदच असावी. अमेरिकेतल्या फील्ड ट्रायल (या कुत्र्यांच्या स्पर्धा) खऱ्या पक्ष्यांवर होतात, पण इंग्लंडमध्ये नुसत्या डमीवर (पक्ष्याऐवजी टाकायची कापडी गुंडाळी) वर्किंग टेस्टही घेतात, तीच पद्धत आपल्याला सोयीची. भातकापणी झाली की आम्ही चार-पाच घरं मिळून अशीच छोटी टेस्ट घ्यायची म्हणतोय.

मार्कचं काम, म्हणजे पडताना पाहिलेली डमी आणणं, छान चाललंय. डाव्या पायाशी बसते, डमी हवेत गेली की पुढचे पंजे थरथरतात पण बूड उचलत नाही, नाव घेतलं की सुटते आणि थेट हातात आणून देते. डबलमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ दोन डम्या टाकल्या की, शेवटी पडलेली डमी आधी आणते आणि पहिली कुठे पडली ते बऱ्यापैकी लक्षात ठेवते. शंभर मीटरपर्यंत काळजी नाही.

घोडं पेंड खातंय ते ब्लाइंडवर, म्हणजे डमी पडताना तिने पाहिलेली नसते आणि आपण सांगू तिकडे जायचं असतं. "बॅक" म्हटलं की सुसाट निघते, पण साठेक मीटरवर शिट्टी न वाजवताच थांबते, वळून बसते आणि माझ्याकडे बघत राहते. तिथून हाताने दिशा दिली तर बरोबर घेते, उजवा-डावा ओव्हर (हात दाखवला की त्या बाजूला जाणं) पक्का आहे, परत थोडं जाऊन पुन्हा तेच. ढिगावरच्या ड्रिलमध्ये (ठरलेल्या जागी डम्यांचा ढीग ठेवून तिकडे पाठवायचा सराव) मात्र असं कधीच करत नाही.

दुसरं म्हणजे बांध. भातखाचरं सगळी पायऱ्यापायऱ्यांची, बांध सरळ समोर आडवा आला तर उडी मारून जाते, पण तिरका आला की त्याच्या कडेकडेने पळत सुटते आणि डमीपासून वीस-पंचवीस मीटर बाजूला पोचते. मग नाकावर शोधते, सापडतेही, पण टेस्टमध्ये लाइन गेली ती गेलीच ना.

इलेक्ट्रिक कॉलर वापरायची नाही हे घरात ठरलेलं आहे, तेव्हा त्याशिवायचे उपाय सांगा. आणि ड्रिलमधून खऱ्या ब्लाइंडवर यायची मधली पायरी कोणती?

प्रतिसाद:
ताई, माझ्या गोल्डनचं अगदी असंच होतं. एक विचारतो, ढिगावर पाठवताना मध्येच शिट्टी मारून किती वेळा थांबवता? जास्त थांबवलं की कुत्रं शिट्टीची वाटच बघत पळतं आणि ती नाही आली तर आपणहून थांबतं. आता काही दिवस मध्ये अजिबात थांबवू नका, सरळ जाऊ द्या, चार-पाचदा बिनथांबा गेली की मग एखादी शिट्टी. मधली पायरी म्हणजे शिकवलेल्या ब्लाइंड. ठरलेल्या तीन जागा, आधी डमी ठेवताना दाखवायच्या, मग न दाखवता त्याच जागा, आणि मग तसंच नवीन शेत. सुरुवातीला अंतर इतकं ठेवा की तिची थांबायची जागा येण्याआधी डमीच सापडेल, मग थोडं थोडं वाढवा. ठेवताना केशरी डमी घ्या, कुत्र्यांना केशरी आणि हिरवा फारसा वेगळा दिसत नाही, त्यामुळे ती गवतात डोळ्याने शोधणार नाही आणि तुम्हाला मात्र लांबूनही दिसेल. मार्कला पांढरी.

बांधाला कॉलर लागत नाही. बांधापासून पाच-सात पावलांवर उभं राहून सरळ ओलांडायला लावा, मग तोच बांध जरासा तिरका, मग अजून तिरका, आणि तिरका पक्का झाल्यावरच मागे सरका. कडेने पळाली तर डमी मिळू द्यायची नाही, शिट्टीवर थांबवून परत बोलवा आणि जवळून पाठवा. कडेने जाऊन डमी मिळाली की तेच शिकते.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. ढिगावर मी जवळजवळ दर वेळी थांबवते, म्हणजे कारण तिथेच दिसतंय. अजून एक विचारायचं राहिलं, कापणीनंतर धसकटं टोचतात, तेव्हा पंजांना बूट घालून पळवता का आधी रान साफ करून घेता?